सोलापुरी चादरीची नक्षी, लिऑनचं रेशीम आणि डिझाइनचा कायदा

सोलापूरच्या एका यंत्रमागधारकांचा प्रश्न आहे. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, त्यांनी चादरीची नवी नक्षी उतरवली. व्यापाऱ्यांना नमुने दाखवले, प्रदर्शनात माल मांडला, व्हॉट्सॲपवर फोटो फिरले आणि दिवाळीच्या आत तीच नक्षी दुसऱ्याच्या मालावर बाजारात आली. वकिलांनी सांगितलं की डिझाइनची नोंदणी केलेली नव्हती, आणि आता करता येणार नाही. त्यावर त्यांचं म्हणणं असं की नक्षी आमच्या माणसाने काढली, ग्राफ आमच्याकडे आहे, मग कॉपीराइट का नाही? माल दाखवायच्या आधीच सरकारदरबारी जायचं, असा उफराटा कायदा केला कुणी?

तुमचे वकील बरोबर सांगताहेत, हे आधीच स्पष्ट करतो. भारताच्या २००० सालच्या डिझाइन अधिनियमानुसार, अर्जाच्या तारखेआधी नक्षी कुठेही जाहीर झाली असेल तर नोंदणी मिळत नाही, आणि नजरचुकीने मिळालीच तर कलम १९ खाली ती रद्द होते. जाहीर करणारे तुम्ही स्वतः असलात तरी सुटका नाही. कापडावर पन्नासांहून जास्त वेळा उतरलेल्या चित्रावर कॉपीराइटही उरत नाही. हे सगळं उफराटं वाटणं साहजिक आहे. पण गंमत अशी की यातले बरेचसे नियम विणकर, छापकाम करणारे आणि कापडाचे व्यापारी यांच्याच भांडणातून आले आहेत. कोणता नियम कशासाठी आला ते कळलं, की तो कुठे वाकतो आणि कुठे वाकत नाही तेही कळतं. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

अठराव्या शतकात फ्रान्समधलं लिऑन हे युरोपातल्या रेशमी कापडाचं मोठं केंद्र होतं. रेशीम इटलीतही होतं, विणकर लंडनमध्येही होते, पण दर हंगामाला नवी नक्षी काढायची आणि बाजाराला आपल्यामागे पळवायचं, ही लिऑनची खासियत. चित्रकार आधी रंगीत रेखाटन करायचा. मग ते बारीक चौकटींच्या कागदावर उतरवलं जायचं. एक चौकट म्हणजे ताणा आणि बाणा, उभा आणि आडवा धागा, एकमेकांना ओलांडतात तो एक बिंदू, इथे धागा वर, तिथे खाली. तुमच्याकडचा ग्राफ तो हाच. हा कागद ज्याच्या हाती लागला त्याला माग लावता यायचा, चित्रकाराला पैसे द्यायची गरज नाही, चुकतमाकत शिकायची गरज नाही. आणि कागद हाती लागायला वेळ लागत नसे, कारण तो कारागिरांच्या हातातूनच फिरायचा.

१७११ साली लिऑनच्या नगर-कारभाऱ्यांनी याविरुद्ध हुकूम काढला. विणायला सोपवलेली नक्षी कोणी विकू नये, उसनी देऊ नये, स्वतःसाठी वापरू नये. औद्योगिक नक्षीला कायद्याने दिलेलं पहिलं संरक्षण म्हणून सहसा याचाच दाखला देतात. त्याचा रोख कुणावर होता ते पाहा. बाजारातून कापड विकत घेऊन नक्कल करणारा त्यात मुख्य नव्हता. विश्वासाने दिलेली वस्तू बाहेर नेणारा घरचा माणूस मुख्य होता. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांतही खोलात गेलं की बहुतेक वेळा जुना डिझायनर, जॉबवर काम करणारा किंवा नमुना घेऊन गेलेला दलाल सापडतो. तीनशे वर्षांत चोर फारसा बदललेला नाही.

पुढे मागणी वाढली, तसा हक्कही वाढला. १४ जुलै १७८७ रोजी, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीत बॅस्टिलचा तुरुंग पडायच्या बरोबर दोन वर्षं आधी, फ्रान्सच्या राजाच्या परिषदेने हा हक्क सगळ्या देशातल्या रेशीम कारखानदारांना लागू केला. घरसजावटीच्या आणि चर्चमधल्या कापडाच्या नक्षीला १५ वर्षं, अंगावरच्या कापडाला ६ वर्षं. अट अशी की मूळ रेखाटन किंवा नमुना आधी जमा करायचा. पडदा पंधरा वर्षं टिकतो आणि झग्याची फॅशन लवकर उतरते, एवढा व्यवहार त्या हुकमात होता. आजच्या कायद्यात तो नाही. चादर असो की मोबाइलचं कव्हर, सगळ्यांना एकच मुदत.

क्रांतीत कारागिरांच्या श्रेण्या बरखास्त झाल्या आणि त्यांच्याबरोबर ही व्यवस्थाही गेली. लिऑनवाल्यांनी मग नेपोलियनकडे धरणं धरलं. १८ मार्च १८०६ च्या कायद्याने लिऑनमध्ये कारखानदार आणि फोरमन यांची एक पंचायत बसवली, आणि तिच्याच दप्तरात नक्षी जमा करायची सोय केली. पद्धत मला फार आवडते. नमुन्याची घडी करून लिफाफ्यात घालायची, लिफाफ्यावर आपली मोहोर आणि सही, वर पंचायतीचा शिक्का. लिफाफा बंदच राहणार. भांडण झालं तरच फोडायचा, आणि आधी कोण आलं ते तारखेवरून पाहायचं. हक्क किती काळ हवा ते जमा करणाऱ्यानेच सांगायचं: एक वर्ष, तीन, पाच, किंवा कायमचा. फी वर्षाला जास्तीत जास्त एक फ्रँक. कायमच्या मालकीला दहा फ्रँक. दहा फ्रँकात अनंतकाळची मक्तेदारी! नोंदणी म्हणजे तारखेचा पुरावा, एवढाच त्या काळचा अर्थ होता. नक्षी खरंच नवी आहे का, हे तपासायला कुणी बसलेलं नव्हतं.

फ्रान्सने पुढे आणखी एक पाऊल टाकलं. १९०२ मध्ये कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती करून चित्र कशासाठी काढलं आणि ते किती कलात्मक आहे, हे पाहायचंच नाही असं ठरवलं. भिंतीवरचं चित्र आणि पडद्यावरचं चित्र कायद्याला सारखं. १९०९ च्या डिझाइन कायद्यानेही हाच विचार ठेवला. म्हणजे तुमचा वाद फ्रान्समध्ये झाला असता तर ‘चित्र आमच्या माणसाने काढलंय’ या युक्तिवादात दम होता. पण आपला कायदा फ्रान्सकडून आलेला नाही.

तो इंग्लंडकडून आला, आणि तिथल्या गोष्टीत सुरुवातीलाच आपण आहोत. सतराव्या शतकाच्या शेवटी भारतातल्या छापील सुती कापडाने, छिंटेने, लंडनला वेड लावलं. तिथले लोकर आणि रेशीम विणणारे चिडले. १७०० च्या कायद्याने छापील सुती कापडाची आयात बंद झाली, १७२१ च्या कायद्याने ते वापरण्यावरही बंदी आली. ही बंदी १७७४ मध्ये उठली, पण तोवर इंग्रज छापखान्यांनी छपाईची कला उचललेली होती. मग एका छापखान्याची नक्षी दुसरा उचलू लागला. लंडनच्या आसपासचे छापखाने चांगल्या चित्रकारांकडून नक्षी काढून घेत. लँकेशायरचे कारखाने तीच नक्षी स्वस्त कापडावर छापून बाजार भरून टाकत. सरे परगण्यातला विल्यम किलबर्न, स्वतः उत्तम वनस्पती-चित्रकार आणि छापखान्याचा मालक, संसदेकडे तक्रार घेऊन गेलेल्यांत पुढे होता.

१७८७ मध्येच ब्रिटिश संसदेने कायदा केला. मुदत ऐकून हसू येईल: दोन महिने. नक्षी जाहीर केल्याच्या दिवसापासून दोन महिने, तेही ताग्याच्या दोन्ही टोकांना मालकाचं नाव छापलेलं असेल तर. १७९४ मध्ये ते तीन महिने झाले. इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. या कायद्यात नोंदणी नव्हती. माल बाहेर आला की हक्क सुरू. तुम्हाला हवा आहे तसा कायदा इंग्लंडमध्ये खरंच होता, आणि पन्नास वर्षं चालला.

मग तो बदलला का? आधी मी काढली की तू काढलीस, हे ठरवताना दोन्ही बाजूंचे कारकून आणि चित्रकार शपथेवर वेगवेगळ्या तारखा सांगायचे. शिवाय आता प्रश्न कापडापुरता उरला नव्हता. लोखंडी शेगड्या, दिवे, चिनी मातीची भांडी, भिंतीचे कागद, सगळ्यांनाच संरक्षण हवं होतं. १८३९ मध्ये एकाच वर्षी दोन कायदे झाले. एकाने जुनं संरक्षण लोकर आणि रेशमाच्या कापडालाही लागू केलं. दुसऱ्याने इतर सगळ्या कारखानी वस्तूंसाठी सरकारी नोंदवही उघडली आणि अट घातली की जाहीर करण्याआधी नोंदवा. तुमचा उफराटा नियम जन्मला तो इथे. त्यामागचा विचार साधा होता. हक्क सांगणाऱ्याने वस्तू बाजारात जाण्याआधीच तारीख पक्की करावी, म्हणजे बाजारात जे उघडं पडलं आहे ते कुणाचं आणि कधीपासून, हे दुसऱ्या कारखानदाराला वहीत पाहता येईल.

१८४० मध्ये संसदेच्या समितीपुढे कापडाच्या मुदतीवर मोठी जुंपली. क्लिथरोचे छापखानेवाले जेम्स थॉमसन म्हणत, तीन महिने कुठे पुरतात? देशातला हंगाम संपून परदेशची मागणी येईपर्यंत संरक्षण संपलेलं असतं. विरुद्ध बाजूचे छापखानेवाले म्हणत, मुदत वाढवलीत तर आम्ही हात बांधून बसू आणि परदेशातले नक्कल करून बाजार नेतील. शेवटी एमर्सन टेनंट यांनी पुढे रेटलेला १८४२ चा कायदा आला, तो तडजोडीचा. वस्तूंचे तेरा वर्ग पाडले. धातू, लाकूड, काच, चिनी माती, भिंतीचे कागद, गालिचे यांना तीन वर्षं. विणलेल्या कापडाला बारा महिने. अंगावरच्या छापील कापडाला नऊ महिने.

या कायद्याची खूण तुमच्या हातात येऊ शकते. एखाद्या जुन्या वाड्यात विलायती चिनी मातीची बशी किंवा बरणी असेल तर उलटी करून पाहा. तळाशी पत्त्यांतल्या चौकटसारखी उभी आकृती, मध्ये इंग्रजी अक्षरं, वरच्या टोकाला छोटं वर्तुळ असं चिन्ह दिसलं, तर ती वस्तू १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या डिझाइनची आहे. वर्तुळात वर्ग, कोपऱ्यांमध्ये वर्ष आणि महिन्याची अक्षरं, दिवस आणि त्या दिवशी आलेल्या गठ्ठ्याचा क्रमांक. एवढ्यावरून नोंदवहीतलं पान काढता येतं. त्या वह्या, आत चिकटवलेल्या कापडाच्या तुकड्यांसकट, लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १८८३ च्या कायद्यानंतर हे चिन्ह गेलं आणि नुसता नोंदणी क्रमांक लिहिण्याची पद्धत आली.

१८४३ चा आणखी एक कायदा सांगितला पाहिजे, कारण आपल्याकडच्या लहान कारखानदारांची निम्मी निराशा तिथून येते. त्या काळी इंग्लंडमध्ये पेटंट घ्यायचं म्हणजे कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे आणि शेकडो पौंड मोजायचे. म्हणून उपयोगी आकारांसाठी वेगळी नोंदणी काढली: फी दहा पौंड, संरक्षण तीन वर्षं. लोकांनी तिला गरिबांचं पेटंट करून टाकलं. पुढे पेटंट स्वस्त झालं, ही वेगळी नोंदणी १८८३ च्या कायद्यात विरली, आणि १९१९ मध्ये डिझाइनची व्याख्याच आवळली: जे डोळ्याला भावतं आणि निव्वळ डोळ्यानेच पारखलं जातं तेवढंच डिझाइन, यांत्रिक युक्ती नाही. हे शब्द आपल्या २००० च्या कायद्यात आजही जवळजवळ तसेच आहेत. जर्मनीने १८९१ मध्ये लहान शोधांसाठी वेगळा कायदा केला आणि तो टिकवला. आपल्याकडे तसा कायदा नाही. त्यामुळे कुणी नवी बिजागरी किंवा नळाची तोटी घेऊन येतो आणि म्हणतो ‘डिझाइन करून द्या’, तेव्हा पहिला अर्धा तास त्याला हे समजावण्यात जातो की तुमची हुशारी आतल्या रचनेत आहे, आणि हा कायदा फक्त बाहेरून पाहतो.

अमेरिकेने १८४२ मध्येच डिझाइनला पेटंटच्या कायद्यात बसवलं. पहिलं डिझाइन पेटंट जॉर्ज ब्रूस यांना छपाईच्या टाइपसाठी मिळालं. तिथला एक वाद कापडाशी नातं सांगणारा आहे. १८८५ मध्ये गालिच्याच्या नक्षीची नक्कल सिद्ध झाली, तरी सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली सहा सेंट! कारण गालिचा विकला गेला तो नक्षीमुळे की विणीमुळे, हे मालकाला दाखवता आलं नव्हतं. गालिचेवाले संतापले, आणि १८८७ मध्ये कायदा झाला की नक्कल करणाऱ्याने त्या वस्तूवरचा सगळा नफा द्यायचा. सव्वाशे वर्षांनी हाच नियम ॲपलने सॅमसंगवर लावला, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ठरवावं लागलं की ‘वस्तू’ म्हणजे अख्खा फोन असलाच पाहिजे असं नाही, त्याचा एखादा भागही असू शकतो. आपल्याकडे डिझाइन अधिनियमाच्या कलम २२ मध्ये रोख रकमेची मर्यादा एका डिझाइनमागे ५०,००० रुपये आहे. त्यामुळे इथला शहाणा वकील त्या रकमेच्या नादी लागत नाही, मनाईहुकमासाठी धावतो.

आता भारत. १८५९ च्या शोधांच्या कायद्यात १८७२ मध्ये दुरुस्ती करून नव्या नक्षी आणि आकृत्यांना तीन वर्षांचं संरक्षण मिळालं. मग १८८८ चा कायदा, मग १९११ चा. १९११ च्या कायद्यात पाच-पाच वर्षांचे तीन टप्पे होते. पेटंट १९७० च्या कायद्याने वेगळं झालं, डिझाइन मात्र त्याच जुन्या घरात राहिलं, ते थेट ११ मे २००१ ला नवा अधिनियम लागू होईपर्यंत. आता दहा वर्षं, आणि मुदतवाढ घेतली तर आणखी पाच. १९११ चा कायदा झाला तेव्हा राजधानी कलकत्ता होती. राजधानी हलली, पण डिझाइनचं कार्यालय कोलकात्यातच राहिलं. तुम्ही मुंबईत अर्ज दिलात तरी तपासणी तिकडेच होते.

पण १८७२ च्या सहा वर्षं आधी काय झालं होतं तेही पाहा. जॉन फोर्ब्स वॉटसन नावाचे डॉक्टर, पूर्वी मुंबई लष्कराच्या वैद्यकीय सेवेत असलेले, लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये भारतीय मालाच्या संग्रहालयाचे प्रमुख होते. त्यांनी भारतातल्या कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले: पागोटी, साड्या, धोतरं, किनारी, पदर. असे २० संच केले; १३ ब्रिटनमधल्या कापडाच्या शहरांना, ७ भारतात. हेतू उघड होता. भारतीय गिऱ्हाईकाला काय आवडतं ते ब्रिटिश कारखानदाराने पाहावं आणि तसा माल विणावा. म्हणजे आपल्या विणकरांच्या नक्षी सरकारी खर्चाने वाटल्या गेल्या, आणि त्यानंतर नव्या नक्षीला संरक्षण देणारा कायदा आपल्यावर लागू झाला. तो नव्या नक्षीलाच होता, पिढीजात नक्षीला नव्हता. हा भेद आजही तसाच आहे. २०२५ मध्ये प्रादाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा बरेच जण विचारत होते की डिझाइनची केस का करत नाही. कारण कोल्हापुरी नवी नाही आणि ती कुणा एकाची नाही. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सोलापुरी चादरीलाही ते आहे, पण मानांकन राखतं ते नावाला. फुलं कशी मांडायची, ते त्यात येत नाही.

तुमच्या कॉपीराइटच्या प्रश्नाकडे येतो. १९११ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्याने ठरवलं की जी आकृती कारखान्यात नमुना म्हणून वापरून तिच्या ढीगभर प्रती काढायच्या आहेत, तिला कॉपीराइट नाही, तिने डिझाइनच्या दारात जावं. ढीगभर म्हणजे किती? नियमांत आकडा आला, पन्नासांहून जास्त. तोच आकडा आपल्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १५(२) मध्ये बसला आहे. नोंदणी होऊ शकली असती पण केली नाही, आणि पन्नासांहून जास्त वस्तू काढल्या, की त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपला. या रेषेवर वाद पुष्कळ झाले. १९४१ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे पॉपाय या व्यंगचित्रातल्या पात्राच्या चित्रांवरून केलेल्या ब्रोचचा, म्हणजे कपड्यावर लावायच्या पिनांचा, खटला आला. मूळ चित्र वर्तमानपत्रासाठी काढलेलं होतं, वस्तूंसाठी नव्हे, म्हणून त्याचा कॉपीराइट वाचला. तुमच्या बाबतीत उलट आहे. ग्राफ काढला तोच चादरीसाठी. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ मध्ये मायक्रोफायबर्स या कंपनीच्या खटल्यात सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीबद्दल हेच म्हटलं: कापडासाठीच घडवलेली नक्षी, नोंदणी नाही, तर कॉपीराइटचा आडोसा घेता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या निकालात कलम १५(२) लावण्याची कसोटी घालून दिली. तीत आधी पाहायचं की ही निव्वळ कलाकृती आहे की कारखान्यात वस्तूवर उतरवायचं डिझाइन. चादरीचा ग्राफ दुसऱ्या खणात पडतो, यात मला शंका नाही.

जाहीर करण्याबद्दल बोलायचं तर भले भले इथे पडले आहेत. क्रॉक्सच्या चपलेचं भारतातलं डिझाइन घेऊन कंपनीने दावे केले, तेव्हा २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. नोंदणीच्या आधीच तो आकार इंटरनेटवर आलेला होता. प्यूमाच्या एका बुटाचे फोटो गायिका रिहानाच्या इन्स्टाग्रामवर डिसेंबर २०१४ मध्ये आले, कंपनीने युरोपात अर्ज केला जुलै २०१६ मध्ये, आणि ती नोंदणी तिथल्या न्यायालयाने बाद ठरवली. व्हॉट्सॲपवरच्या फोटोला ‘ते तर गिऱ्हाइकांपुरतंच होतं’ असं म्हणणारे रोज भेटतात. ग्रुपमध्ये गुप्तता पाळायचं कुणावर बंधन होतं का, एवढंच न्यायालय विचारतं.

तरीही एक फट आहे, आणि ती खास कापडवाल्यांसाठी ठेवलेली आहे. डिझाइन अधिनियमाचं कलम १६ वाचा. विश्वासाने, गुप्त ठेवण्याच्या अटीवर दाखवलेलं डिझाइन जाहीर झालं असं मानत नाहीत. आणि त्यातच पुढे म्हटलं आहे की नव्या कापडी नक्षीच्या मालाची पहिली गोपनीय ऑर्डर स्वीकारली तरी ते जाहीर करणं नव्हे. जुन्या इंग्रजी कायद्यातून चालत आलेलं हे वाक्य. व्यापाऱ्याला नमुना दाखवल्याशिवाय ताणा भरायचा की नाही तेच कळत नाही, ही विणकराची अडचण ते लिहिणाऱ्याला ठाऊक होती. म्हणून पुढच्या वेळी नमुन्याबरोबर दोन ओळींचं पत्र द्या: नक्षी नवी आहे, नोंदणीसाठी आहे, गुप्त ठेवावी. पोच म्हणून सही घ्या. ग्राफ काढणाऱ्याकडून आणि जॉबवाल्याकडूनही असंच लिहून घ्या. लिऑनने १७११ मध्ये जे केलं ते आज कराराने करता येतं, त्याला कुठली नोंदणी लागत नाही. मात्र कागद नसेल तर हे कलम तोंडी सिद्ध करणं फार कठीण.

अर्जाबद्दल दोनच गोष्टी, कारण चुका तिथेच होतात. वर्ग नीट निवडा. आंतरराष्ट्रीय लोकार्नो वर्गवारीत कापडाचा तागा ०५ व्या वर्गात येतो, चादर आणि घरातली तयार कापडं ०६ व्या वर्गात. चादर म्हणून नोंदवलेली नक्षी कुणी पडद्याच्या ताग्यावर उतरवली तर ०६ ची नोंदणी अपुरी पडते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये भारत ग्लास ट्यूबच्या निकालात याचीच दुसरी बाजू दाखवली. जर्मन कंपनीच्या रोलरवर आधीपासून असलेली नक्षी काचेवर उतरवून कुणी काचेसाठी नोंदवली, तर ती काचेपुरती नवीच धरली गेली. डिझाइन नेहमी एखाद्या वस्तूवरचं असतं. अधांतरी नक्षी हा कायदा ओळखत नाही. दुसरी गोष्ट चित्रांची. मुलांना वर बसता येणाऱ्या ‘ट्रंकी’ सुटकेसचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात २०१६ मध्ये मालक हरला, कारण अर्जातल्या संगणकी चित्रांत रंगछटांचा भेद आणि कोरी अंगं आलेली होती, आणि न्यायालयाने तेवढ्याचाच हक्क मानला. तुम्ही नक्षीचा पूर्ण रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, उभ्या-आडव्या दोन्ही अंगांनी दाखवा, आणि रंग हा तुमचा दावा नसेल तर काळ्या-पांढऱ्यात द्या. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला सरकारी फी १,००० रुपये आहे.

सध्याच्या नक्षीचं भारतात काही होणार नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं. पण तुमचा माल निर्यात होतो का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. होत असेल तर घाई करा. युरोपीय संघात आणि अमेरिकेत मालकाने स्वतः जाहीर केल्यापासून बारा महिने सवलत असते. त्या आत अर्ज केला तर तुमचंच प्रदर्शन तुमच्या आड येत नाही. प्यूमाचे बारा महिने उलटून गेले होते, म्हणून ते हरले. तुमचा पहिला फोटो कुठल्या तारखेला बाहेर गेला तो शोधून काढा आणि त्या तारखेपासून मोजा.